गडग्यावरचं लोखंड

तांबडं खनिज, कोळसा, चुनखडी. भट्टीत वरून टाकतात. खालून तापलेली हवा.

खोबरेलाची वाटी.

समुद्रात हरवलेल्या माणसाचं देवबाग गावात दर्भाचं शरीर करतात आणि ते जाळतात.

दहावीच्या विज्ञानातलं धातूंचं प्रकरण शाळेत दिव्याने यंदा दुसऱ्या बाईंकडे दिलं.

दुपार. पडवीत बसून नर्मदा एका लोखंडाच्या तुकड्याला तेल चोळते आहे. तुकडा करवंटीत मावेल एवढा. तिचा मुलगा धनेश दूरच्या एका पोलाद कारखान्यात भट्टीवर कामाला होता. वितळलेल्या लोखंडात पडला. हाडसुद्धा उरलं नाही.

दर्भाचं शरीर करा, असं गावाने सांगितलं तेव्हा नर्मदा उसळली होती. "गवत जाळून माझो झील मरता?" ती रोज त्याचं ताट वाढत राहिली. मग कारखान्यात जाते म्हणून दिव्या, धनेशची बायको, घरातून निघाली. परतल्यावर, तो पडला त्याच लोखंडातला म्हणून, तिने हा तुकडा सासूच्या मांडीवर ठेवला.

नर्मदा तेव्हा पहिल्यांदा रडली. ताट थांबलं. तेल सुरू झालं. तुकड्याला कढत पाण्याने आंघोळ, मग खोबरेल, मग उशाशी घेऊन झोपणं. विसर्जनाचं नावही काढू देईना.

"आये, पुरे करा आता. हात बघा तुमचे, काळे झालेत," दिव्या म्हणाली.

"खारी हवा आसा गो. तेल नाय लावलंय तर गंजतलो माझो झील."

"मगे गंजांदे."

दिव्या शेजारी बसली. वर्गात सांगायची तेच हळू आवाजात सांगू लागली. "खाणीत लोखंड मातयेसारख्याच आसता. हवेक धरून बसलेला. भट्टीत कोळसो ती हवा हिसकावन घेता, तेव्हा निस्ता लोखंड उरता. एकटा. आता आमची हवा आपणहून येतली. त्येची परत माती करतली. तुम्ही तेल लावून तिका अडवतास."

नर्मदेने वाटी सारली. मग पदराने तेल पुसलं. पुन्हा पुसलं. उठून तुकडा समुद्राकडच्या कुंपणाच्या गडग्यावर नेऊन ठेवला. गडगा चिऱ्याचा, तांबडा.

"दुखतला काय रे तुका?" तिने तुकड्याला विचारलं.

दिव्याने तोंड फिरवलं.

पावसाळा गेला तेव्हा चिरा कुठे संपतो आणि तुकडा कुठे सुरू होतो ते सहज कळेना. नर्मदा तिथून जाताना बोट लावते. तांबडं झालेलं बोट कपाळाला टेकवते. आता ती धनेशबद्दल बोलते तेव्हा 'आसा' नाही, 'होतो' म्हणते.

दिव्या त्याला हात लावत नाही.

कारखान्याने काहीच दिलं नव्हतं. सावंतवाडीच्या भंगारात मिळालेला तो गंजलेला तुकडा दिव्याने वाटेत ओढ्यावर बसून आमसुलांनी घासला होता, लोखंड दिसेपर्यंत.