‘सेट’चा आजचा अर्थ

“आज काय शिकाडशात, बाई?” सुंदराने विचारलं आणि रिकाम्या चटईवर नूतनची वही उघडून ठेवली.

“कालचंच पुढे. सेट,” नीलाबाई म्हणाल्या.

डिंडोलीतली ती एक खोली. संध्याकाळचे पाच. सुंदराची नूतन आठ महिन्यांपूर्वी तापाने गेली. चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. इंग्रजीच्या शिकवणीच्या शेवटच्या दिवशी पोरीने विचारलं होतं, “बाई, एवढ्याशा सेटला इतके अर्थ कुठून आले?” आणि नीलाबाई घाईघाईत म्हणाल्या होत्या, “उद्या सांगते.” आठवलं की त्यांचा जीव तुटायचा.

तेराव्यानंतर त्या भेटायला म्हणून आल्या, तर सुंदराने मुकाट्याने चटई टाकली, वही मांडली. आता आईचं मन कोण मोडणार? भिंतीवर पोरीचा फोटो नाही, हार नाही, नुसता खिळा. बिचारीला अजून खरं वाटत नाही, असं मनाशी म्हणत नीलाबाई रोज यायला लागल्या. रोज एक-दोन अर्थ.

“दही लागतं, तेही सेट. सूर्य मावळतो, तेही सेट,” त्या चटईकडे बघत सांगू लागल्या. “मुळात अर्थ बसवणं. तुझी आई साडीवर खडे बसवते ना, तसं. पण भांड्यांचा सेट म्हणतो, तो शब्दच निराळा. तो लॅटिनमधून आला. एकामागून एक चालणाऱ्यांचा जथा. दोन घरची पोरं एकाच नावाने नांदतायत बघ.”

वहीचं पान हललं. पंख्याने असेल. तरी नीलाबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. क्षणभर वाटलं, पोर लिहून घेतेय.

नाही, हे थांबायला हवं. अशाने या बाईला वेड लागेल आणि पाप आपल्या माथी येईल.

सुंदराने नेहमीसारखं गॅलरीतून एकदा खाली पाहिलं, मग चहा आणून दिला.

“सुंदरा, बस इथे.” नीलाबाईंनी कप बाजूला ठेवला. “मी उद्यापासून येणार नाही. किती दिवस स्वतःला फसवायचं? नूतन नाही गं राहिली. ती गेली.”

सुंदरा नीलाबाईंचे दोन्ही हात धरून हमसून हमसून रडली. नीलाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. एकदाचं सांगून झालं, सुटली बिचारी, असं त्यांना वाटलं.

पदराने डोळे पुसत सुंदरा उठली आणि गॅलरीत गेली.

“साहेब,” तिने खाली हाक मारली.

नीलाबाईंनी मागून वाकून पाहिलं. खाली स्कूटरला टेकून त्यांचे यजमान मुकुंदराव उभे होते. बँकेतून सातच्या आत कधी न सुटणारे मुकुंदराव.

“रोज खालेच थांबतस, आज वर या,” सुंदरा म्हणाली. “आठ महिनामा पहिल्यांदाच बाईस्नी सोता सांगं, नूतन गयी म्हनीसन.”