टाकीतला हंगाम

टाकीत पांढरी धार दिसताच वैजयंती नळाकडे धावली. एका नर सी-अर्चिननं, त्या काटेरी समुद्री गोळ्यानं, बीज सोडलं होतं. आता त्या वासानं टाकीतले सगळेच रिते होणार होते.

समुद्र बारमाही सारखाच कोमट झाल्यापासून बाहेरच्या अर्चिनना हंगामच कळेनासा झाला होता. त्यांच्या बीजग्रंथी सुकलेल्याच राहायच्या. इथे पाणी गार करून वैजयंतीनं थंडी आणली, तेव्हा कुठे त्या भरल्या. त्या भरल्या ग्रंथींतूनच तिच्या भावाच्या, नारायणदादाच्या, मज्जातंतूंच्या आजारावरचं औषध निघायचं.

"वैजू, पाणी बदल! थांबतील अजून," शेजारी उभा असलेला दादा म्हणाला. आजारानं त्याचं डोकं आणि हात सतत हलत असायचे.

"आणि पुढच्या वर्षी? पिल्लंच नसतील, दादा. हे म्हातारे झालेत."

"मग निम्मे तरी बाहेर काढ."

"हात लावला तर भीतीनं तेही सोडतील."

"पुढच्या वर्षी मी असेन का?"

तिची बोटं नळावर होती. पाणी बघता बघता ताकासारखं झालं. तिनं नळ फिरवला नाही. दादा भिंतीकडे तोंड करून बसला.

बऱ्याच वेळानं तिनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. फलन होऊन एका अंड्याचे दोन भाग झाले होते. तिनं दादाला बोलावलं, त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरलं. तो खूप वेळ बघत राहिला.

"यांना खायला काय घालतात गं?" त्यानं विचारलं.