रेघेपर्यंत

“या रेघेपर्यंत भरलं पाहिजे. खाली राहिलं तर चालत नाही,” लॅबच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी प्लॅस्टिकचा कप पुन्हा थोरल्या साडूच्या हातात दिला.

थोरल्याने कपाकडे असं पाहिलं, जणू चूक कपाचीच आहे.

ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसमागची ती अरुंद खोली. एक बाक, पाण्याचा जार, भिंतीला टेकवलेले जुने टायर. बाकाच्या दुसऱ्या टोकाला धाकटा साडू मोबाइलवर कसलातरी व्हिडिओ बघत बसला होता. त्याचं केव्हाच आटपलं होतं. नाव पुकारलं, आत गेला, बाहेर आला. नाक शिंकरावं इतकं सहज. देव काहींना सगळंच भरभरून देतो, थोरल्याला वाटलं. अगदी हेसुद्धा.

नवा ट्रकही त्यालाच मिळाला होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून थोरल्यानेच त्याला इथे चिकटवलं, घाटात गिअर कसा धरायचा ते शिकवलं, आणि एसी केबिनची किल्ली पडली ती याच्या हातात. दोघी बहिणींचं फोनवर बोलणं झालं की बायको सांगायची, “त्यांच्या ट्रकमध्ये म्हणे मागे झोपायला गादी आहे.” तिला टोमणा मारायचा नसायचा. म्हणून तर जास्त लागायचं.

शेवटी थोरला मॅनेजरच्या कानाशी लागला. धाकटा जागं राहायला गोळ्या खातो म्हणाला. गोळ्याबिळ्या कसल्या! धाकटा साधी सिगारेट ओढत नव्हता. पण मॅनेजर पडला सावध माणूस. एकट्यालाच बोलावलं तर बोंबाबोंब होईल, म्हणून अचानक लघवीची तपासणी जाहीर करून त्याने आणखी एक ड्रायव्हर जोडीला घेतला. जो समोर उभा होता तोच, म्हणजे थोरला.

भ्यायचं खरं तर थोरल्यालाही कारण नव्हतं. माणूस निर्व्यसनी. पण बाई निघायच्या आत कप भरला नाही तर त्या ‘नकार दिला’ असं लिहिणार होत्या. नकार म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे किल्ली जमा.

“तुझं झालंय ना? मग जा की,” थोरला म्हणाला.

“असू दे, दादा. माल भरायला अजून वेळ आहे. तुम्ही पाणी घ्या.” धाकट्याने स्वतः उठून ग्लास भरून दिला.

थोरला प्यायला. चोराच्या मनात चांदणं. हा मजा बघायला थांबलाय, की याला कुणकुण लागलीय?

“काका, मला पुढे दुसऱ्या कंपनीत जायचंय,” बाई म्हणाल्या. “आता ही शेवटची वेळ.”

आत कोणी कपात पाणी मिसळू नये म्हणून नळाला चिकटपट्टी गुंडाळली होती आणि संडासातल्या पाण्यात निळा रंग टाकला होता. थोरला उभा राहिला. पोट तट्ट फुगलेलं, पण थेंब येईना. बाहेर व्हिडिओ चालू होता आणि धाकटा मोकळेपणी हसत होता. तो हसला की इकडे सगळं आवळून यायचं.

मग व्हिडिओ बंद झाला. दारापाशी चपला वाजल्या.

“दादा, नळ बंद केलाय का हो?”

“मग काय तर! तू जा तिकडे.”

“थांबा जरा.”

आणि दाराच्या फटीतून आवाज आला, “शूऽऽऽ... शूऽऽऽ...” अगदी हळू, न कंटाळता. तान्ह्या पोराला पायांवर धरून करतात तसा. धाकट्याच्या घरी तान्हं होतं, त्याला सवय असणार.

थोरल्याची कानशिलं तापली. “बंद कर! लाज नाही वाटत?”

“मला कसली लाज? तुम्ही लक्ष देऊ नका. शूऽऽऽ...”

बाहेर बाई फिसकन हसल्या. दार उघडून याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं थोरल्याच्या मनात आलं, आणि नेमकं तेव्हाच अंग फितूर झालं. कप रेघेच्या वर गेला. वर जाऊनही थांबेना.

बाईंनी कपात पट्टी बुडवली, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “काही नाही. दोघंही स्वच्छ.”

आवारात दोघं ट्रककडे निघाले. दोन शब्द चांगले बोलायला हवेत हे थोरल्याला कळत होतं.

“हे घरी सांगू नकोस,” तो म्हणाला. “बायका हसतील.”

धाकट्याने केबिनच्या पायरीवर पाय ठेवला होता. तो वळला.

“काय सांगू नको, दादा? मी शू करायला लावली ते, की तुम्ही माझं नाव दिलं ते?”

“मॅनेजर... कधी बोलला तुला?”

“सकाळीच. आत जायच्या आधी.” धाकटा वर चढला, दार ओढून घेतलं आणि काच खाली केली. “पाणी बरंच झालंय. पंप दिसला की थांबत जा, रोखून धरू नका.”

ट्रक निघाला. आवाजसुद्धा नाही त्याला धड. थोरला फाटकाकडे पाहत उभा राहिला. एक सणसणीत शिवी हासडली असती धाकट्याने, तर किती बरं झालं असतं. बरोबरीला तरी आला असता.