जुन्या पद्धतीचा अर्धा तास

सुरी गाठीला टेकली आणि मुठीवरचा दिवा लाल झाला. म्हणजे कर्करोगच. डॉ. करंदीकरबाईंनी तो झटकन अंगठ्याखाली झाकला. पडद्यापलीकडे सुनेत्रा जागीच होती. हल्ली फक्त छाती बधिर करत.

"डॉक्टर, सुरीला नका विचारू," ती म्हणाली. "जुन्या पद्धतीनं करा. तुकडा खाली तपासायला पाठवा."

"अगं, दोन्हीकडून उत्तर एकच येतं."

"येऊ दे. आईच्या वेळी अर्धा तास लागला होता. तेवढा वेळ बाबा बाहेर शीळ घालत होते. नंतर कधी ऐकलीच नाही ती."

डॉक्टरांनी तुकडा बाटलीत घातला. "सिस्टर, खाली देऊन या."

"खाली?" सिस्टर घुटमळल्या. खालची प्रयोगशाळा केव्हाच बंद झाली होती; तिथे आता मोडक्या खाटा ठेवत. डॉक्टरांचे डोळे पाहून त्या बाटली घेऊन निघाल्या.

बाहेर थांबलेला नवरा आत येऊन सुनेत्राच्या उशाशी बसला. गॅलरीत झोपाळा टांगायचा की कुंड्या ठेवायच्या, यावरून दोघांची जुंपली. सुनेत्रा खळखळून हसली.

पडद्याअलीकडे डॉक्टरांनी अंगठा उचलला नाही.