नुकसानीचा रकाना

“रस्त्यावर दिव्याचे खांब लावायचेत की काकड्या?” बैठकीत साहेब खेकसले, तसे सगळे हसले. मी पुन्हा सांगितलं, “धडकेत खांब बुडाशी मोडला, तर गाडीतला माणूस वाचतो. आपले जाड लोखंडी खांब मोडत नाहीत, माणसांना मोडतात.” “अक्कल पाजळू नका, बाई!” त्यांनी जुनी फाइल माझ्यापुढे आपटली. फाइलीत गेल्या वर्षीच्या अपघाताचा अहवाल होता. वळणावर गाडी आमच्याच खांबावर आदळली होती. “वाचा. ‘खांबाचे नुकसान: काही नाही.’ अक्षर कुणाचं?” अक्षर माझंच होतं. फॉर्मवर तेवढाच रकाना होता. तो भरून मी जेवायला गेले होते. “याला म्हणतात मजबुती! मुकाट्यानं लोखंडी खांबांना मान्यता द्या.” मी पेन उघडलं. त्याच ओळीखाली लिहिलं, ‘मृत माणसे: तीन. आई, बाप, मुलगी.’ फाइल त्यांच्याकडे ढकलली. “दुरुस्ती केलीय, साहेब. सही ठोका.”