कुंडीतली सवत

दवाखान्यातून औषधी झाडाची कुंडी घरी आली आणि नैराश्यानं अंथरुणाला खिळलेला निनाद हसायला लागला. नेमकं तेच त्याच्या बायकोला, इरावतीला सहन होईना. इतकी वर्षं तिनं त्याच्या उशाशी बसून विनवण्या केल्या, तेव्हा हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडायचा. आता रोज सकाळी तो बाल्कनीत झाडावर वाकून श्वास सोडायचा. झाड त्या श्वासातलं दुखणं ओळखायचं आणि त्यावरचा उतारा पानांत तयार करायचं. पान चघळत निनाद त्याला लाडानं विचारायचा, "काय गं, झोप लागली का?"

तो कामावर गेला की इरावती कुंडीशी उभी राहून झाडाचा उद्धार करायची. "सटवी मेली! माझा नवरा बरा मिळाला तुला!"

महिन्याच्या तपासणीला आलेल्या नर्सबाईंनी शेंड्याचं एक पान यंत्रात घातलं आणि त्या चक्रावल्या. "निनादराव, झाडाजवळ आणखी कोण येतं? खालची पानं तुमच्या औषधाची आहेत. ही वरची तांबूस पानं मत्सरावरची आहेत."

निनादनं बायकोकडे पाहिलं. मग त्यातलं एक कोवळं पान खुडून त्यानं तिच्यापुढे धरलं. "घे. बरं वाटेल."

इरावतीनं पान हातात घेतलं, चुरगळलं आणि कुंडीत टाकलं.

"नको," ती म्हणाली. "तुझं दुःख हिनं नेलं. माझा जळफळाट तरी माझा मला राहू दे."