एका पाण्यात

"मशीन आजच हवंय, ताई," सिनेमाचा संकलक म्हणाला. काम खोळंबलं होतं. कॉम्प्युटरची मेमरी सारखी तापायची, म्हणून तिच्यावर बसवायला आतून पाणी खेळवणारा चकचकीत ॲल्युमिनियमचा ठोकळा त्याने स्वतःच आणला होता. दुरुस्तीवालीने तो बाजूला सारला. "मशीनमधल्या पाण्याच्या सगळ्या नळ्या तांब्याच्या आहेत. हे दोन धातू एका पाण्यात नांदत नाहीत. तांब्याचा ठोकळा परवा येईल, तोच बसवेन." "काही होत नाही हो! दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलंय." बोलता बोलता त्याने टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला भोकाभोकांचा पांढुरका खडा उचलला. "छान आहे. समुद्रावरून आणलात?" "नाही, माझ्या पहिल्या मशीनमधून काढला," ती म्हणाली. "तुमच्या ठोकळ्यासारखाच चकचकीत होता. तेव्हा 'काही होत नाही' म्हणणारी मीच होते." संकलकाने खडा अलगद खाली ठेवला. "परवा किती वाजता येऊ?"